तळघरातला रांजण

हे लिहू नये असंच ठरवलं होतं. पण माझा दोस्त आनंदराज मनला, तू न्हाई लिहिलंस तर मी सगळ्यांना सांगीन, अन् मी सांगितलं तर तू लई येडा दिसशील. म्हणून मीच लिहून राहिलो.

आमचं घर देगलूरला. खाली तळघर. आधी त्यात ज्वारी असायची, मग मोडका कूलर अन् उंदीर. ते साफ करून अभ्यासिका करायची, हे डोकं माझं. वायरिंग, गिलावा, चुना, सगळं मोबाईलवर बघून शिकलेला माणूस मी. पंख्याचं बटन दाबलं की बल्ब लागायचा अन् बल्बचं दाबलं की वर आईचा मिक्सर फिरायचा. पण ते किरकोळ.

अभ्यासिका आनंदराजसाठी होती. त्याची भरतीची ही शेवटची परीक्षा, पुढच्या साली वय बसत न्हाई. त्याच्या घरी एकच खोली, वर पत्रे. मे महिन्यात तिथं पुस्तक उघडलं की पानं पापडासारखी वाजतात. आमच्या माडीवर बसावं तर तिथं दिवसभर बाबांचा टीव्ही अन् आईच्या मैत्रिणी.

"तळघरात इतकं गार हाय, स्वेटर घालून पास होशील," मी मनलो.

इथवर ठीक होतं. चुकलं ते रांजणात.

उन्हाळ्यात आमच्या दारात रांजण असतो. येणारा-जाणारा पाणी पितो, कोणी कोणाला विचारत न्हाई. मी तो तळघरात नेला. पाणी अजून गार राहील, आनंदराजचीपण सोय होईल.

"अन् लोकं काय पितील?" आई मनली.

"खाली येऊन पितील की. दार उघडंच हाय."

पहिले आले शेजारचे वीरण्णा आजोबा. पाणी प्याले, भिंतीला हात लावला. "तंपू हाय रे," मनले. कानडीत तंपू म्हणजे गार. अन् तिथंच आडवे झाले. त्यांचं घोरणं म्हणजे चढाला लागलेला ट्रॅक्टर.

"उठवू का?" मी हळूच विचारलं.

"पाणी प्यायला आलेल्या माणसाला उठवतात का गड्या?" आनंदराज मनला अन् कानात कापूस घातला.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली पंचफुलाबाई मौशी शेवयाचं पीठ घेऊनच आली. वर उन्हानं पीठ सुकून राहिलं मने. मागं चार बाया. त्यांच्यामागं आई. आई गेली म्हणून बाबापण टीव्ही बंद करून गेले, त्यांना चहा कोण देणार?

"काय वाचतूस रे?" मौशीनं आनंदराजला विचारलं.

"सामान्य ज्ञान."

"मग सांग बरं, ह्या दोन्हीत बारीक शेवई कोणाची?"

ह्याचं उत्तर कोणत्याच पुस्तकात न्हाई. त्यानं पान उलटलं.

रविवारी मौशीच्या पोरीला, बबिताला, बघायला पाव्हणे आले. मौशीच्या घरात भट्टी, म्हणून त्यांनाही तळघरातच बसवलं. नवरदेवाच्या मामाला कोपऱ्यात पुस्तक घेतलेला आनंदराज दिसला. शिक्षण काय, वय किती, भरती कोणती? बिचारा मुलाखतीसारखा ताठ बसून उत्तरं देत गेला. मामा खुश. भाच्याला मनले, "बघ, असं बोलावं माणसानं." नवरदेवाचं तोंड पडलं अन् बबिता पदरात हसली.

आनंदराजनं पुस्तक मिटलं अन् पायऱ्या चढून निघून गेला.

तेव्हा मला हसू आलं न्हाई. त्याच्याजवळ दिवस कमी अन् मी त्याला बाजारात बसवलं होतं. मी रांजण वर न्यायला उठलो. वीरण्णा आजोबा त्यालाच टेकून झोपलेले.

"माणसं बसलेली असताना पाणी उचलतो व्हय?" आई मनली.

रांजणावरचा हात काढला. माफी मागायला आनंदराजच्या घरी गेलो, तर तो तिथं न्हाई. परत आलो, सहज माडी चढलो. डोक्यावर ओला टावेल, पुढं पुस्तक, वर कुरकुरणारा पंखा. आनंदराज आमच्याच माडीवर बसलेला.

"इथं? भाजून निघशील."

"निघू दे. मी आल्यापासून एक माणूस वर आला न्हाई," तो मनला. "तुझं तळघर लई कामाचं निघालं. सगळी गल्ली खाली गेली."

मी खिडकीकडं बघितलं. "इथं आपण वाळ्याचा पडदा लावून, वरून पाण्याची नळी..."

"सत्यम."

"काय?"

"हात दे."

मी हात दिला. त्याची परीक्षा होईस्तोर माडीवर मी काहीच सुधारणा करणार न्हाई, असा शब्द दिलाय. खिडकीचा एक खिळा निघालाय, तोसुद्धा ठोकणार न्हाई.