खंडेरावांचा आमरस

खंडेरावांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलं, की 'कमी कचरा' स्पर्धेत आपला पहिला नंबर आला नाही, तर महिनाभर अख्ख्या बिल्डिंगचा कचरा आपण स्वतःच्या हातांनी वेगळा करू. असली वाक्यं माणूस भरल्या पोटी लिहितो आणि नंतर उपाशीपोटी निस्तरतो.

सालवडच्या त्या बिल्डिंगमध्ये पंधरा दिवस रोज सकाळी कचरा नेणारी जिवली लटकता काटा घेऊन यायची. पिशवी काट्याला लावायची, वजन वहीत टिपायची आणि कचरा घेऊन जायची. पहिले चार दिवस खंडेराव इमानाने लढले. दोडक्याच्या शिरांची चटणी खाल्ली, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी खाल्ली, चहाचा चोथा कुंडीत घातला. पाचव्या दिवशी बायकोने, प्रतीक्षाने, कोळंबी आणली आणि टरफलांची चटणी तुमची तुम्ही करा, असं बजावलं. तिकडे समोरच्या विंगमधल्या मेहुलभाईंचा आकडा रोज खाली येत होता.

तेव्हा खंडेरावांचं डोकं चाललं. कचरा टाकला तर वजन. टाकलाच नाही तर? घरात आइस्क्रीमचे रिकामे डबे होतेच. टरफलं, साली, खरकटं डब्यात आणि डबे फ्रीजरमध्ये! स्पर्धा संपली की एकदम टाकायचे. शिवाय डब्यांचा पुनर्वापर झाला तो वेगळाच. वहीत शून्य पडू लागलं. जिवलीने तीन दिवस शून्य लिहिलं आणि चौथ्या दिवशी काळजीने विचारलं,

"दादा, तुमी जेवता ना?"

बाराव्या दिवशी फ्रीजरचं दार लागेना, म्हणून खंडेरावांनी ते सुतळीने बांधलं. चौदाव्या दिवशी फ्रीजने अंग टाकलं. मे महिना, कोळंबीची टरफलं, आणि स्पर्धेचा एकच दिवस बाकी. खंडेराव चारही डबे घेऊन तळमजल्यावरच्या विश्रामकाकांकडे धावले. काका सोसायटीचे अध्यक्ष आणि स्पर्धेचे परीक्षक. मेहुण्याने देवगडहून आमरस पाठवलाय, आमचा फ्रीज बिघडलाय, एक दिवस ठेवा, अशी थाप त्यांनी मारली. काकांना मधुमेह होता, म्हणजे डब्यांना धोका नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या. पहिला नंबर खंडेरावांचा! टाळ्या वाजल्या. खंडेराव छाती काढून उठले, आणि काकांनी घरातून चार डबे मागवले.

"मला तर गोड चालत नाय," काका म्हणाले. "म्हटलं, विजेत्याचा आमरस सगळ्यांनी खावा. सकाळपासून बाहेर काढून ठेवलाय."

तो आंबट निघालाय, राहू द्या, असं खंडेराव कसंबसं म्हणाले. काकांनी लगेच बायकोला, जमुनाकाकूंना, साखर आणायला पाठवलं आणि झाकण उघडलं.

पहिली रांग खुर्च्यांसकट मागे सरकली. खंडेरावांना धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण धरणीनेही नाक दाबलं असणार. प्रतीक्षा तर आपण यांना ओळखतच नाही अशा चेहऱ्याने दुसरीकडे बघत बसली. जिवली शांतपणे उठली, तिने चारही डबे काट्याला लावले आणि वहीतलं शून्य खोडलं. पहिला नंबर मेहुलभाईंचा झाला. सगळ्यांत मोठ्याने हसलेही तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खंडेराव हातमोजे घालून जिवलीशेजारी उभे राहिले. शब्द तो शब्द. पहिली पिशवी मेहुलभाईंची आली. काल मूठभर असलेली ती आज दोन्ही हातांनी उचलेना. आत फणसाच्या सालींचा दगड होता, थंडगार, वर पांढरा बर्फ. दुसऱ्या पिशवीत बर्फात रुतलेले भेंडीचे देठ. तिसरीत गोठलेला भात. दहाव्या पिशवीपर्यंत खंडेरावांची बोटं बधिर झाली. विश्रामकाकांच्या पिशवीतून तर आइस्क्रीमचाच डबा निघाला.

त्यांनी जिवलीकडे पाहिलं. ती काटा पिशवीत गुंडाळून ठेवत होती.

"हुशार सगळेच हायत, दादा," ती म्हणाली. "फ्रीज तेवढा तुमचाच कच्चा निघाला."