शून्य जलपदचिन्ह

कोणतीही वस्तू निर्दोष ठरण्यासाठी आधी ती दूरवर विकली जावी लागते. गावातल्या गावात खाल्लेल्या तुरीची चौकशी कोणी करत नाही. परंतु औशापलीकडच्या धोंडवाडीची तूर सातासमुद्रापार जायची ठरली, तेव्हा तिकडच्या खरेदीदाराने पृथ्वीच्या काळजीपोटी एकोणीस पानी अर्ज पाठवला. रकाना अकरा: 'उत्पादकाचे जलपदचिन्ह'. (मूळ इंग्रजी 'वॉटर फूटप्रिंट', म्हणजे पिकाला एकूण किती पाणी लागले; अर्जात मात्र हा अर्थ दिला नव्हता.)

अर्ज घेऊन नव्या जिल्ह्याच्या गावाहून, म्हणजे लातूरहून, असे अर्ज भरून घेण्याचे प्रशिक्षण घेतलेले अण्णाराव आले. (जिल्हा होऊन चौतीस वर्षे झाली, धोंडवाडीत अजून नवाच म्हणतात.) पहिलेच घर सरजाबाईचे; तिच्याकडे विकायला तुरीचे दोन कट्टे होते आणि प्यायला एक घागर. टँकर चार दिवसांनी येई. अहवालांत याला 'नियमित' म्हणतात.

"जलपदचिन्ह म्हंजी काय वो, सायब?"

अण्णारावांनाही ते ठाऊक नव्हते. परंतु प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला तसे म्हणता येत नाही. त्यांनी शब्द फोडला. जल, पद, चिन्ह.

"मावशी, पाय ओला करून कागदावर उठवायचा. अंगठ्यासारखंच."

"आन् पानी?"

"घागरीतलं घ्या की."

"मंग चार दिस म्या तुमचा कागद चाटू?"

"चिन्ह नाही तर तूर नाही, मावशी."

सरजाबाईने तांब्या ओतला. निम्मे पाणी टाचेच्या भेगांतच मुरले. उरलेले कागदावर उमटले. पण अण्णाराव मोजायला पट्टी काढेपर्यंत वाळून गेले.

"आणखी एकदा?"

"पुन्यांदा पाय मागितला तर तुमच्या पाठीवर उठवीन."

अण्णारावांनी प्रामाणिकपणे लिहिले: शून्य.

एकूण उत्पादक बावीस, खर्ची पडलेले तांबे बावीस, गावाचे जलपदचिन्ह शून्य. खरेदीदार गहिवरला. थेंबही न वापरता तूर पिकवणारे गाव म्हणून प्रशस्तिपत्र आले. त्याची प्रत कुठल्याशा कचेरीत पोचली, आणि ज्या गावाला पाणी लागतच नाही तेथे टँकर पाठवणे ही उधळपट्टी ठरून तो बंद झाला. सरजाबाईची तूर पहिल्या प्रतीत गेली. ती स्वतः आता पाण्याला दोन कोस जाते. (चालणे प्रकृतीस उत्तम.)

यातली थोडी डाळ, हिरव्या पानाचे चित्र असलेल्या पाकिटातून, आपल्याही दुकानात आली आहे. आपण ती जरा चढ्या भावाने घेतलीत, हे आपल्या सदसद्विवेकाला शोभणारेच झाले. पाकिटामागे बारीक अक्षरांत सूचना आहे: डाळ तीन पाण्यांतून धुवावी. पहिले पाणी गढूळ निघेल. ते, नेहमीप्रमाणे, मोरीत ओतावे.