बसा की, थॉमसभाऊ

रविवारी चार वाजता गिरीजला मुलगी मागायला जायचं ठरलेलं असताना थॉमसभाऊंनी शुक्रवारी आणि शनिवारीही सायकल काढली, हे त्यांच्या पत्नी फ्लॉसीबाई पुढे कितीतरी दिवस विसरल्या नाहीत.

चौपन्नाव्या वर्षी कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर तीन महिन्यांत थॉमसभाऊंची साखर वाढली होती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालण्याचा त्यांना कंटाळा. पण शाळेत असताना आपण पापडीहून राजोडीच्या समुद्रापर्यंत एका दमात सायकल मारायचो, हे त्यांना आठवलं. सत्तावीस वर्षं मागच्या पडवीत कोंबड्यांना बसायला उपयोगी पडलेली काळी सायकल त्यांनी धुऊन काढली, टायर-ट्यूब नवे घातले. सीट मात्र जुनीच ठेवली. तसलं चामडं आता मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. इतक्या वर्षांत त्या चामड्याचं लाकूड झालं होतं.

सोमवारी ते राजोडीला जाऊन आले आणि दिवसभर तरुण असल्यासारखे बोलत राहिले. मंगळवारी थोडं जाणवलं. बुधवारी चहा उभ्यानं प्यायले. फ्लॉसीबाई म्हणाल्या, आता आठ दिवस सायकलीला हात लावू नका. त्यावर थॉमसभाऊंनी सांगितलं की सवय झाली की दुखणं जातं आणि मध्ये खंड पडला तर पुन्हा श्रीगणेशा. गुरुवारी त्यांनी सीटवर टॉवेल घडी करून बांधला. शुक्रवारी घडी सरकली आणि जिथं दुखत नव्हतं तिथंही सोलवटलं. शनिवारी ते खोबरेल लावून गेले. रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला ते देवळाच्या मागच्या दाराशी, उशिरा येणाऱ्यांच्यात उभे होते, आणि दुपारी रिक्षात दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून गिरीजपर्यंत अर्धवट लोंबकळत आले.

काम तसं जोखमीचं होतं. मुलगा गॉडफ्रे आणि गिरीजची जीना यांचं दोन वर्षांपूर्वी चर्चच्या गायनमंडळात जमलं होतं. जीना मुंबईच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. तिचे वडील आग्नेल वाडीवाले, सरळ माणूस. पण घरात शेवटचा शब्द तिच्या आजोबांचा, पास्कोलबाबांचा. ते शहाऐंशी वर्षांचे होते आणि उर्मट माणूस त्यांना चालत नसे. आधीच्या एका चांगल्या स्थळाला, त्या मुलाच्या बापानं पायावर पाय टाकून बोलणं केलं म्हणून, त्यांनी चहा पाजून परत पाठवलं होतं.

आग्नेलनी खास पाहुण्यांसाठी कोरीव सागवानी खुर्ची पुढे ठेवली होती. थॉमसभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. बैठकीला वेताची विणही नव्हती, सपाट फळी होती.

"बसा की, थॉमसभाऊ."

"असू दे. उभाच बरा."

आग्नेलना वाटलं, खुर्ची आवडली नसेल. त्यांनी सोफ्यावरच्या पोरांना उठवलं. थॉमसभाऊ सोफ्यावर टेकले आणि तापल्या तव्याला हात लागावा तसे उठले. मग आतून प्लास्टिकची खुर्ची आली. तीही तशीच रिकामी राहिली. कुठे दुखतंय, हे सोयरिकीच्या घरी पहिल्याच भेटीत सांगण्यासारखं नव्हतं. आग्नेलनी काही त्रास होतोय का म्हणून विचारलं, तेव्हा फ्लॉसीबाई "पाठ" म्हणाल्या आणि त्याच क्षणी थॉमसभाऊ "गुडघा" म्हणाले.

आग्नेलचा चेहरा उतरला. गॉडफ्रे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला.

यातून सुटायचं म्हणून थॉमसभाऊंनी वाडी बघायची इच्छा दाखवली. आग्नेल त्यांना केळींमधून घेऊन गेले. मांड्या एकमेकींना लागू नयेत म्हणून थॉमसभाऊ लांब लांब, फाकून पावलं टाकत होते. वाडीच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत ते तसे गेले आणि तसेच परत आले. नेमका मागच्याच महिन्यात एक बिल्डर असाच पावलं टाकत वाडी मोजून गेला होता. आग्नेलनी घरात आल्याबरोबर फ्लॉसीबाईंना बाजूला घेतलं. आमच्या घरात बसणं कमीपणाचं वाटतं आणि जमीन मात्र मोजावीशी वाटते, तर मनात काय आहे ते आत्ताच बोला, असं त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. फ्लॉसीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याचं गुपित फोडावं की मुलाचं लग्न मोडू द्यावं, हे त्यांना ठरवता येईना.

थॉमसभाऊ पलीकडेच ओसरीच्या खांबाशी उभे होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. गेल्या सहा दिवसांत सायकलीचा राग आला नव्हता तेवढा त्यांना आता स्वतःचा आला. पोराचं दोन वर्षांचं मन आपल्या हट्टापायी मोडणार, असं वाटून त्यांनी त्या फळीवर बसून टाकायचं ठरवलं. दुखून दुखून किती दुखेल?

ते वळले, तोच जीना सुकेळ्यांची, वाळवलेल्या केळ्यांची, बशी घेऊन समोर आली.

"अंकल, बसू नका," ती हळूच म्हणाली. "सायकल ना? चालण्यावरून कळलं. मीपण रोज स्टेशनपर्यंत सायकलनेच जाते."

थॉमसभाऊंनी मान हलवली.

"सीटचं नाक वर आलंय बहुतेक. ते खाली घ्यायचं. टॉवेल-बिवेल काही बांधायचं नाही, त्यानं आणखी घासतं. आणि जखम सुकेपर्यंत सायकल बंद."

"बंद," थॉमसभाऊ लगेच म्हणाले. हेच फ्लॉसीबाईंनी बुधवारी सांगितलं होतं.

"मी आत बसायची सोय करून देते. पण आजोबांचं बघा आधी. तुम्ही आल्यापासून ते तुमच्याकडेच बघतायत. आणखी पाच मिनिटं उभं राहवेल?"

पास्कोलबाबा कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत होते. त्यांना कमी ऐकू येई; पाठ, गुडघा, बिल्डर यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. दिसत मात्र होतं. थॉमसभाऊ हात पुढे बांधून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. म्हाताऱ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काठीनं आग्नेलना जवळ बोलावलं.

"आग्नेल, बघून घे," ते मोठ्यानं म्हणाले. "दीड तास झाला. तीन वेळा खुर्ची दिलीस, पण मी समोर बसलोय म्हणून हा माणूस बसला नाही. असा बाप असलेल्या घरात पोरगी द्यायची नाही, तर कुठं द्यायची?"

आग्नेलनी थॉमसभाऊंचे दोन्ही हात धरले, आपण भलतंच समजलो म्हणाले आणि माफी मागितली. थॉमसभाऊ खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात जीनानं मागून खोकल्यासारखं केलं. त्यांनी तोंड मिटलं.

बोलणी पक्की झाल्यावर जीनानं त्यांना स्वयंपाकघरात नेलं. सायकलची ट्यूब अर्धी फुगवून, गोल वळवून तिनं उशीच्या अभ्र्यात घातली होती आणि स्टुलावर ठेवली होती. हॉस्पिटलात पेशंटना देतात तशीच, फक्त घरगुती. थॉमसभाऊ सावकाश बसले. बुधवारनंतर पहिल्यांदाच ते बसले आणि काहीही दुखलं नाही. समोर ही पोरगी चहा गाळत उभी होती. तिचे आभार मानावेत असं त्यांना फार वाटलं. ते एवढंच म्हणाले, "बाय, आमचं घर तुझंच."

"आधी सीट बदला," जीना म्हणाली.

सीट बदलली. जखमा सुकल्या, नाक खाली आलं, आणि पावसाळ्याआधी थॉमसभाऊ राजोडीला जाऊन येऊन खुर्चीत बसून पेपर वाचू लागले. साखरही उतरली. फक्त गिरीजला गेले की त्यांना बसता येत नसे. पास्कोलबाबा समोर असत, कौतुकानं बघत असत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगत असत. फ्लॉसीबाई मजेत सागवानी खुर्चीत बसत.

गॉडफ्रे-जीनाच्या लग्नाचा फोटो पापडीच्या घरात आहे. दोन्हीकडची वडीलधारी माणसं ओळीनं खुर्च्यांवर बसली आहेत. मध्ये पास्कोलबाबा, शेजारी एक खुर्ची रिकामी, आणि तिच्या मागे हात बांधून उभे असलेले थॉमसभाऊ. अख्ख्या फोटोत सगळ्यांत खूश तेच दिसतात.