मागल्या दारचे नाना

मत मागायला कोणी आला की आमच्या गावचे नाना त्याला बसायला घोंगडी टाकत, गूळपाणी देत, त्याचं सगळं बोलणं मान डोलवत ऐकून घेत आणि शेवटी एवढंच विचारत, "भाऊ, तुमनं मागलं दार कोनता बाजूले शे?" उमेदवार गोंधळून दिशा सांगे. आठ दिवसांच्या आत नाना त्या दिशेने त्याच्या परसात हजर.

पुढच्या दारावर नानांचा काडीचा विश्वास नव्हता. "पुढलं दार बठ्ठासनं चांगलंच ऱ्हास," पुढून सगळीच घरं चांगली दिसतात, असं त्यांचं ठाम मत. म्हणून ते उमेदवार मागून तपासत. विहिरीवरच्या बायांना विचारत, गड्याशी तंबाखू खात, गोठ्यातल्या बैलांच्या पाठीवर वळ आहेत का ते पाहत. मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा लोक इतकं खोलात जात नसत.

या मोहिमांत मी बरोबर असे. मी तेव्हा त्या गावात मास्तर होतो. मला मत नव्हतं. इंग्रजी अमलात मत होतं फक्त सारा भरणाऱ्या जमीनवाल्यांना. त्यांना सही करायला शिकवणारा मी मात्र मत द्यायला नालायक. या गोष्टीचा राग मी अजून सोडलेला नाही. नानांकडे जमीन होती, मत होतं, पण अक्षरओळख नव्हती. त्यांनी मला वही घेऊन आपल्या बैलांच्या दमणीत बसवलं. दोघं मिळून आम्ही एक पुरता मतदार होत होतो.

निवडणूक लोकल बोर्डाची होती. आमच्या गावात मुलींचा वर्ग काढावा असा अर्ज मी तीन वर्षांपूर्वी केला होता, आणि तो निकाली काढणं नव्या सभासदाच्या हातात होतं. तोवर सहा मुली मारुतीच्या पारावर बसून धुळाक्षरं गिरवत. नानांनी जाहीर केलं, वर्ग काढील त्याला मत. नाना म्हणतील तिकडे त्यांची सगळी भावकी, त्यामुळे उमेदवारांना त्यांची दखल घ्यावी लागे. मुलींच्या शिक्षणाचा त्यांना एवढा पुळका का, हे मी विचारलं नाही. म्हातारपणी माणसाला एखादं खूळ लागतंच, असं मी मनात म्हटलं.

पहिले उमेदवार धुळ्याचे एक वकील. त्यांनी आमच्या गावात स्त्रीशिक्षणावर तासभर भाषण केलं होतं. मीही टाळ्या वाजवल्या होत्या. आम्ही त्यांच्या परसात गेलो तेव्हा तुळशीपाशी वकिलीणबाई उभ्या होत्या. माझ्या हातातली वही पाहून त्यांनी पदराआडून एक पत्र काढलं आणि तेवढं वाचून दाखवाल का म्हणून विचारलं. माहेरचं पत्र होतं, चार दिवसांपूर्वी आलेलं. साहेबांना भाषणांतून सवड मिळत नव्हती. मी पत्र वाचलं. नानांनी वहीत काट मारायला सांगितली.

दुसरे कापसाचं जिन चालवणारे एक शेठ. नानांची रीत त्यांच्या कानावर गेली होती. त्यांनी परसाला चुना फासला, म्हशी धुवून काढल्या आणि मागल्या दारी गादी टाकून स्वतःच लोड लावून बसले. नानांनी त्यांना रामराम घातला आणि तसेच वळसा घालून पुढच्या दारी गेले. तिथे दिवाणजी एका म्हातारीला हाकलत होता, कारण आज शेठ पुढे भेटत नाहीत. दुसरी काट.

तिसरे आबा. चार कोसांवरच्या गावचे बागायतदार. त्यांच्याकडे मोठाच घोटाळा झाला. नानांनी वेशीपासूनच विचारायला सुरुवात केली, घर कसं आहे, बायामाणसांशी कसे बोलतात, भांडणतंटा आहे का. पांढऱ्या मिशांचा एक पोक्त माणूस, बरोबर वहीवाला मास्तर, आणि असले प्रश्न. गावाने जे समजायचं ते समजलं. आम्ही परसात पोचेपर्यंत शेवया शिजल्या होत्या. आबांची धाकटी लेक नवं लुगडं नेसून, मान खाली घालून पाटावर येऊन बसली. मी नानांना कोपराने खुणावलं. नाना मात्र आपल्याच नादात होते. त्यांनी विचारलं, "पोरीले वाचता येस का?"

शिकलेली मुलगी म्हणजे लग्नाच्या बाजारात खोट. आईने घाईघाईने सांगितलं की छे, अक्षराला हात लावत नाही, सगळा वेळ चुलीपाशीच असते. मुलीने मान आणखी खाली घातली. तेवढ्यात आबा पुढे आले.

"तिले वाचता येस. मीच शिकाडं. तुमले चालनार नही तं दुसरं घर देखा."

आम्ही मतासाठी आलोय, मुलीसाठी नाही, हे मी चाचरत सांगितलं. आबांना हसू आवरेना. त्यांच्या बायकोने शेवयांचं पातेलं परत आत नेलं.

आबा पुढे निवडून आले, मुलींचा वर्गही निघाला. पण त्या दिवसाचं मला जे आठवतं ते वेगळंच आहे. सगळे हसत असताना नाना हसले नाहीत. त्यांनी मुलीकडून पाटी मागवली आणि म्हणाले, "लिख बाई, 'नाना, माले लई जा.'"

मुलीने शाळेच्या मराठीत लिहिलं, 'नाना, मला घेऊन जा.' नानांनी पाटी दोन्ही हातांत धरली. वाचता येत नसूनही बराच वेळ पाहत राहिले. त्यांची एकुलती लेक येसू तळोद्याकडे दिली होती आणि दोन वर्षांत गेली, एवढं मी ऐकून होतो. तिथे तिचा छळ होत होता, हे नानांना ती गेल्यावर कळलं. मी तीन वर्षं त्या गावात होतो आणि माझ्या अर्जावर पहिला अंगठा त्यांनी का उठवला, हे मला त्या परसात समजलं. मला माझीच लाज वाटली.

नानांनी पाटी माझ्यापुढे केली.

"मास्तर," ते म्हणाले, "इतलंच लिखता येवाले पायजे व्हतं तिले."