मुक्या भोंग्याची परीक्षा

संध्याकाळचा कार्यक्रम आता सुरू होणार, आणि नेमका तेव्हाच लहानूच्या माईकच्या मशीनमधून जळका वास आला. त्याने घाईघाईने झाकण उघडलं. आवाज मोठा करणारा आतला काचेचा वाल काळा पडला होता. भोंगा शाळेच्या आवारातल्या बाभळीला बांधून तयार, माईक दांडीवर चढवून तयार, फक्त आवाज तेवढा गेलेला.

"हॅलो, हॅलो," लहानू माईकमध्ये म्हणाला. भोंग्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"आजच मराचं होतं का याले?" त्याची बायको रुक्मा कपाळावर हात मारून म्हणाली. "अन् दुसरा वाल?"

"दुर्गले भेटते. पन आता कवा जाऊ अन् कवा येऊ?"

लहानू दिवसा भिलाईच्या नव्या कारखान्याच्या बांधकामावर खलाशी, म्हणजे अवजड सामान उचलून चढवणारा कामगार होता आणि उरल्या वेळात माईक भाड्याने द्यायचा. पण एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला पाहुण्यांच्या ऐन भाषणात भोंगा असा काही कोकलला की, मांडवामागची गाय दावं तोडून पळाली. निम्मे श्रोते गायीमागे गेले आणि पाहुणे उरलेल्या निम्म्यांकडे बघत बसले. तेव्हापासून खुर्सीपारच्या वस्तीत लहानूला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. जयंती कमिटीचे अध्यक्ष भय्याजी यांनी तर जाहीरच केलं होतं की, बुद्धजयंतीला माईक दुर्गहून येईल. वस्तीतल्या माणसाला सोडून दुर्गहून! रुक्माने फार गळ घातली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "शनिवारी त्या गोऱ्या लोकाईच्या प्रोग्रामले येतो मी. मांगं बसून सोताच्या कानानं आयकीन. एकदा जरी कोकलला, तं मंग माह्याजवळ येऊ नोको."

हे गोरे लोक म्हणजे क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकाम्या शाळेत त्यांचं शिबिर भरलं होतं. त्यांच्यात सगळेच गोरे नव्हते, होशंगाबादकडचे आपले लोकही बरेच होते. पण वस्तीने सगळ्यांना एकाच रंगात रंगवून टाकलं होतं. सकाळी ते शाळेच्या आवारात विहीर खणत आणि संध्याकाळी सर्वांसाठी कार्यक्रम ठेवत. परवा गाणी झाली, काल पडद्यावर चित्रं दाखवली. दोन्ही दिवस मशीन गुणी बाळासारखी चालली होती, आणि दोन्ही दिवस भय्याजी ड्यूटीवर होते. आज शनिवारी काय आहे, हे विचारायचं मात्र लहानूला सुचलं नव्हतं.

"जा, त्या बाईले सांगून टाका," रुक्मा म्हणाली. "खरं बोलनाऱ्याले कोनी खात नाई."

शिबिराच्या प्रमुख हेलनबाई पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. लहानू त्यांच्यापाशी जाऊन वाकला. "बाई, वो मशीन..."

हेलनबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, गोड हसल्या आणि डोळे मिटून घेतले.

लहानूने वळून पाहिलं. सगळे क्वेकर डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसले होते. कुणी बोलेना, कुणी हलेना. तो परत येऊन मित्राच्या कानाशी लागला, "शेषराव, हे सारे माईकची वाट पाहून राहिले बे!"

शेषरावही खलाशीच. क्रेनवाल्याला खालून इशारे करणं हे त्याचं काम. कारखान्याच्या गोंगाटात त्याने "आरिया!" म्हणजे 'खाली सोड' अशी हाळी दिली की, वरचा ड्रायव्हर दचकून ऐकायचा. आज तो लहानूच्या मदतीला आला होता आणि माईकची दांडी धरून उभा होता.

"डोये कावून मिटले?" शेषरावने त्याच्या मते हळू विचारलं. तिसऱ्या रांगेतल्या दोघांनी डोळे उघडले.

"राग गिळून राहिले असतीन," लहानू म्हणाला आणि मशीनमध्ये डोकं खुपसून बसला. त्याने तारा उलट्या जोडल्या, सुलट्या जोडल्या, वालवर फुंकर मारली. घामाने सदरा पाठीला चिकटला. मागे वस्तीतली माणसंही पाहुण्यांचं पाहून गप्प बसली होती. आणि त्या सगळ्यांच्या मागे, कानामागे हात धरून, भय्याजी. बराच वेळ तसाच गेला.

मग हेलनबाई सावकाश उभ्या राहिल्या. क्वेकरांची रीतच अशी, की सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं आणि कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर त्याने उठून बोलायचं. पण लहानूला वाटलं, आता आपल्याला हाकलणार. बाई अगदी बारीक आवाजात, हिंदीत बोलू लागल्या. पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे काही पोचेना. मागे चुळबुळ झाली, काही जण ऐकायला उभे राहिले. भय्याजींनी दुसराही हात कानामागे नेला.

रुक्माने शेषरावला कोपराने ढोसलं. "भाऊजी, मांगं आयकू जाऊन नाई राहिलं. तुमी सांगा ना आपल्या बोलीत!"

शेषरावने माईक तोंडाशी धरला आणि छाती भरून घेतली.

"बाई म्हन्ते!" बाभळीवरचे कावळे उडाले. "कारखान्यात लय आवाज हाय! पन तेथंच एका बाईचं लेकरू झोळीत मस्त झोपलं होतं! बाई म्हन्ते, शांती बाहेर नाई, आपल्या मनात असते! सारे शांतीनं राहा!"

हेलनबाई बसल्या. शेषराव सवयीने गरजला, "आरिया!" आणि मागे उभे राहिलेले सगळे मुकाट्याने खाली बसले.

कार्यक्रम संपला. हेलनबाईंनी शेषरावचा हात हातात घेऊन आभार मानले. पाठोपाठ भय्याजी आले. लहानूने घाईघाईने मशीनचं झाकण लावून टाकलं.

"लहानू, माह्यी तं मतीच गुंग झाली," भय्याजी म्हणाले. "घरघर नाई, कोकलनं नाई. बोलनं नसलं तं एकदम चूप, अन् बोलनं आलं का सिद्दं छातीत! दुर्गवाल्याच्या बापानं असा माईक पाह्यला नसन."

लहानूला गप्प राहता आलं असतं. पण इतका वेळ गप्प बसून त्याचा जीव घुसमटला होता. "भय्याजी, खरं सांगतो, मशीन बंद होती. वाल जयला."

भय्याजींनी लहानूच्या पाठीवर अशी थाप मारली की तो माईकच्या दांडीवर जाऊन आदळला. "अबे, बंद असून एवढा आवाज, तं चालू केल्यावर जामुल गावापरेंत जाईन! बुद्धजयंती तुह्यीच, जाय!"

हसत हसत ते निघून गेले. लहानू मशीनच्या खोक्यावर मटकन बसला आणि कित्येक दिवसांनी पोटभर श्वास घेतला. इतकं हलकं त्याला एप्रिलपासून वाटलं नव्हतं.

"उद्या दुर्गले जातो," तो म्हणाला. "नवा वाल आनतो."

"वालाचं पाहू मंग," रुक्मा भोंगा खांद्यावर घेत म्हणाली आणि शेषरावकडे वळली. "भाऊजी, आजपासून थंड पानी बंद. घरी चाला, आल्याचा काढा करून देतो."