ड्रमकिलच्या तिसऱ्या आग्रहाची मोहीम

शिक्षकांच्या खोलीतील किटली अखंड तापती राहो. पुढील पिढीस मागील मोहिमांची खबर असावी, नाहीतर नवखे लोक भलते जागी खरे बोलून नाश पावतील, याजकरितां आयर्लंड देशी, ड्रमकिल कसब्याचे शाळेत त्या साली जे वर्तमान जाहले ते, कमी न करितां आणि फारसे न वाढवितां, येथे लिहिले असे.

नुआलाबाई गेराटी आयरिश भाषेच्या शिक्षिका. एकतीस वर्षे खिडकीजवळील एकाच खुर्चीवर ठाणे मांडून होत्या. बाईंची कन्या ग्रॉन्या ऑस्ट्रेलियास पर्थ शहरी राहती जाहली आणि तेथे तिजला पुत्र जाहला आणि तो आठ महिन्यांचा होऊन रांगू लागला, आणि आजीने तो अद्याप फोनच्या काचेतच पाहिला. बाईंचा जीव त्यावांचून तळमळे. परंतु विमानाचे भाडे ऐसे की पगारास घाम फुटावा. तों फेब्रुवारीत सरकारांतून खलिता आला की, मुलांच्या आयरिशच्या तोंडी परीक्षा घेण्यास परशाळेत परीक्षक पाहिजेत, कामगिरी दहा दिवसांची, मेहनताना निराळा. बाईंनी मनांत जमाखर्च मांडला, तों भाडे नेमके निघे. मात्र अट ऐसी की, मुख्याध्यापकाचे सहीचा अर्ज शुक्रवारी चारचे आंत रवाना व्हावा. आणि बदली शिक्षक औषधालाही मिळत नव्हता, सबब शाळेंतून असामी एकच सुटणार.

मुख्याध्यापक विलेम तेरप्स्त्रासाहेब हे हॉलंडचे, सप्टेंबरातच गादीवर आलेले. गृहस्थ सज्जन, कामास वाघ, परंतु त्यांचे मुलखी हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, ऐसी व्याधी असे.

सोमवारी साहेबांनी बाईंस वाटेतच विचारले की, परीक्षक म्हणून जाल काय? आता आमचे देशीचा रिवाज ऐसा की, चहा असो वा राज्य, पहिले विचारण्यास नको म्हणावे, दुसऱ्यास नको म्हणावे, आणि तिसऱ्यास उसासा टाकून घ्यावे. पहिल्याच विचारण्यास हात पुढे करी, त्याचे तीन पिढ्यांचा हावरटपणा गांव बोलून दाखवी. त्यामुळें बाई रिवाजाने वदल्या, "छे हो, मी कुठली? दुसऱ्या कुणाला तरी पाठवा." आणि दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या.

साहेब "बरं" म्हणाले आणि निघून गेले.

मग साहेबांनी फर्गल टॅन्सी यांस गांठले. हेही आयरिशच शिकवीत, आणि होडीस नवे इंजिन घ्यावे म्हणून या कामगिरीवर डोळा ठेवून होते. त्यांनीही कुळाचार पाळून मला कशाला, नुआला आहे की, ऐसा जबाब दिला. मंगळवारी शिक्षकांच्या खोलीतील फळ्यावर फर्मान लागले: परीक्षक म्हणून जाण्यास कोणीही राजी नाही, विषय संपला. बाई आणि टॅन्सी दोघे फळ्यापुढे शेजारी उभे राहून हवापाण्याविषयी बोलत राहिले. मला पाहिजे हे शब्द उच्चारणे दोघांसही मरणप्राय.

बुधवारी चहाचे वेळी खलबत जाहले. टॅन्सी म्हणाले, तू जा. बाई म्हणाल्या, तूच जा. ऐसी धुमश्चक्री घंटा होईतों चालली आणि कोणी मागे हटेना. शेवटी टॅन्सी कप ठेवून म्हणाले, "हे बघ, इंजिन पुढच्या वर्षीही मिळेल. नातवाचं पहिलं पाऊल पुढच्या वर्षी नाही मिळायचं." हे तिसरे सांगणे होते. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी तह कबूल केला. आता साहेबांस रिवाज शिकविणे एवढेच उरले. तोंडाने सांगावा तर तो रिवाज कसला?

शुक्रवारी सवातीनाचे सुमारास बाईंनी घरी भाजलेले स्कोन नामे गोडसर पाव, लोण्याचा गोळा आणि मुरंब्याची बरणी ऐसा सरंजाम त्याच खोलीत मेजावर मांडिला. साहेब आले. बाईंनी स्कोन पुढे केला. साहेब म्हणाले, नको, पोट भरले आहे. आणि ते खरेच भरले होते. बाईंनी पुन्हा विचारले. साहेबांनी पुन्हा नाकारिले. तिसऱ्या खेपेस विचारतां विचारतांच बशी हाती पोचली, वर लोणी थापलेले, आणि साहेब खाऊं लागले.

तेव्हां टॅन्सी सहज म्हणाले, "सर, तुम्ही तर नको म्हणाला होतात."

"तिसऱ्यांदा विचारलं हो त्यांनी," साहेब तोंडातल्या घासासकट म्हणाले. "मग नाही कसं..."

घास तेथेच थांबला. साहेबांनी फळ्याकडे पाहिले, मग बाईंकडे, मग घड्याळाकडे. तीन चाळीस झाले होते.

"नुआला, सोमवारी मी तुम्हाला किती वेळा विचारलं होतं?"

"एकदा," बाई चहा ढवळीत म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल जाहला. उभे राहून त्यांनी दुसऱ्यांदा विचारले की, परीक्षक म्हणून जाल काय? बाई म्हणाल्या, माझ्या वर्गाचे काय होईल? साहेबांनी कपाळ पुसून तिसऱ्यांदा विचारले, आवाजात गयावया होती. बाईंनी रिवाजाप्रमाणे उसासा टाकिला.

"आता तुमची एवढी अडचणच असेल, तर जाईन बापडी."

सहीवर मुरंब्याचा डाग पडला तो तैसाच राहिला. अर्ज तीन वाजून चोपन्न मिनिटांनी रवाना जाहला. टॅन्सींनी उरलेले चार स्कोन, कोणी न विचारितां, एकट्याने फस्त केले.

मग ईस्टरचे सुमारास बाईंनी दहा दिवस दोन शाळा लढविल्या आणि एकशें सव्वीस मुलांचे तोंडून एकाच पाठ केलेल्या सुट्टीची हकीकत हसतमुखाने ऐकिली. कामगिरी संपली त्या रविवारी पर्थाहून फोन आला. लेकीने आईस ओळखून तीन खेपा विचारण्याच्या तयारीने विचारले, "आई, जूनमध्ये येशील का गं?"

"येते," बाई म्हणाल्या.

मग ग्रॉन्या भीतभीत म्हणाली, "आई, तब्येत बरी आहे ना तुझी?"

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पहिल्याच विचारण्यास होकार, ऐसी नोंद गेराटी घराण्याचे सात पिढ्यांत नाही, सबब साक्षीदार फर्गल टॅन्सी यांचे नांवासह येथे रुजू केली असे.