गुलामांची एकेचाळीस चित्रं

माणसाचं दुःख समितीपुढे मांडलं की ते हमखास आटोक्यात येतं. जपानमधल्या सेंदाईच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात अर्धवेळ काम करणाऱ्या वैभवीला हे आठव्या बैठकीत पटलं.

प्रदर्शन होतं जुन्या अमेरिकी चित्रांचं. गुलामीविरुद्धच्या एका कादंबरीवरून ती काढलेली, त्यामुळे हेतू अत्यंत उदात्त. एकूण चित्रं एकेचाळीस. त्यांत गोऱ्यांपुढे गुडघे टेकून आभार मानणारे काळे सतरा, डोळे गरगरा फिरवत नाचणारे तेरा, कलिंगडावर तुटून पडलेले नऊ, आणि चेहऱ्यात काही खोट काढता येणार नाही असे दोन (हे पाठमोरे होते).

वैभवीने टीप लिहिली : ‘चित्रकाराला गुलामांची कणव होती, पण त्यांच्याकडे त्याने नीट पाहिलं नव्हतं.’ तीन आठवड्यांच्या चर्चेनंतर टीप झाली : ‘त्या काळाला साजेसे हावभाव.’ तरी कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून तज्ज्ञाची संमती घ्यायचं ठरलं. तज्ज्ञ म्हणून घानाच्या ओसेईंना बोलावलं. (त्या इमारतीत काळे ते एकटेच.)

“पण मी काँक्रीटच्या तड्यांवर पीएचडी करतोय,” ओसेई म्हणाले.

“छानच! म्हणजे तुम्ही तटस्थ आहात,” अध्यक्ष म्हणाले.

उद्घाटनाला ओसेईंना नाचणाऱ्यांच्या चित्राशेजारी उभं केलं. फोटोग्राफर म्हणाला, “अजून थोडं हसा. दात दिसू द्या.”

वैभवीला राहवलं नाही. सगळ्यांसमोर ती म्हणाली, “त्यांना हसायचं नसेल तर? ते काही चित्रातले नाहीत!”

अध्यक्षांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. पुढचं कंत्राट गेलं हे तिला तिथेच कळलं, पण अंगावर मूठभर मांस चढलं.

बाहेर ओसेईंनी तिला कॉफी पाजली. “तुम्ही आज बोललात, म्हणून विचारायचा धीर होतोय. मला सहा महिने पुण्याला संशोधनासाठी जायचंय. जागाच मिळत नाहीये. तुमचा तिथला फ्लॅट रिकामा आहे ना?”

वैभवीने नवऱ्याला, प्रसन्नला फोन लावला.

“आपलं काही नाही गं,” प्रसन्न म्हणाला, “पण सोसायटीतले लोक...”

वैभवीने अत्यंत संवेदनशील भाषेत नकार कळवला. ओसेईंनी उलट तिचीच समजूत काढली.

सोसायटीचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. निम्म्या वाचकांना ती आपलीच वाटेल, आणि उरलेले तिच्या कार्यकारिणीवर आहेत.